प्रत्येक ‘चा-ची-चे’ म्हणजे ‘ऑफ’ नव्हे

नमस्कार श्रोतेहो.

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले की आपण सहज म्हणतो, ‘यंदा संत्र्यांची मागणी वाढली.’ हेच इंग्रजीत लिहायला बसलो की हात आपसूक ‘डिमांड ऑफ ऑरेंजेस’ लिहून जातो. तिथे हवं ‘डिमांड फॉर ऑरेंजेस’. ‘द डिमांड्स ऑफ द वर्कर्स’ म्हणजे कामगारांच्या मागण्या. ‘ऑफ’पुढे मागणारा येतो, हवी असलेली वस्तू ‘फॉर’पुढे.

मी नागपुरात बरीच वर्षं इंग्रजीच्या वह्या तपासल्या. ही चूक हुशार मुलांच्याही वहीत सापडते, आणि मला त्यांचा राग कधीच आला नाही. ती मुलं मराठीतून नीट विचार करत असतात. आपली षष्ठी, म्हणजे चा-ची-चे लावणारी विभक्ती, फार ओझं वाहते हो! प्रश्नाचं उत्तर, उशिराचं कारण, दाराची किल्ली, सगळीकडे तीच. इंग्रजीत मात्र ‘आन्सर टू द क्वेश्चन’, ‘रीझन फॉर द डिले’, ‘की टू द डोअर’. त्यात ‘कॉज’चा अर्थही कारणच, पण त्याला ‘ऑफ’ लागतं: ‘द कॉज ऑफ द फायर’.

कधी मराठी मदतीलाही येते. किमतीत वाढ, म्हणून ‘इन्क्रीज इन द प्राइस’. वाढ किती, हे सांगताना मात्र ‘ऑफ’: ‘अॅन इन्क्रीज ऑफ 10 पर्सेंट’.

अर्जात आणखी एक घोळ होतो. ‘डिस्कशन अबाउट द फीज’ बरोबर आहे, कारण ‘डिस्कशन’ नाम आहे. त्याचं क्रियापद केलं की ‘अबाउट’ गळतं: ‘वी डिस्कस्ड द फीज’. ‘रिक्वेस्ट’चंही तसंच. नामाला ‘फॉर’ लागतं, क्रियापदापुढे वस्तू थेट येते.

आता रजेचा अर्ज घ्या. वडील धंतोलीतल्या दवाखान्यात भरती असतील, तर ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘माय फादर इज इन हॉस्पिटल’ लिहावं, ‘द’ न घालता. ते कुणाला भेटायला गेले असतील, तर ‘अॅट द हॉस्पिटल’. अमेरिकेत भरती असलेल्यासाठीही ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतात.

पालकांनो, शब्दार्थाच्या वहीत नुसतं ‘रीझन म्हणजे कारण’ लिहून घेऊ नका. ‘रीझन फॉर’ असं जोडीनंच लिहायला सांगा, आणि शेजारी मुलाच्या घरातलं, शाळेतलं एखादं खरं वाक्य.

नमस्कार.