‘शुअरली’ म्हणजे नक्की काय?

मंडळी, गोष्ट आपल्या इंदूरचीच आहे. २०२४ साली आपल्याकडे १३ मेला मतदान होतं. माझी भाची विलायतेतल्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. आदल्या रात्री तिनं साहेबाला मेल लिहिला, ‘आय विल शुअरली व्होट टुमॉरो’, आणि पाठवायच्या आधी मला विचारलं, “मामा, बरोबर आहे ना?”

व्याकरणात चूक काढायला जागा नव्हती. पण आपण ‘शुअरली’ सरळ ‘नक्की’च्या जागी बसवतो, तिथे फसतो. तिकडच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द बहुधा वाक्याच्या तोंडाशी येतो आणि काम करतो ते आपल्या ‘ना’चं. ‘शुअरली यू व्होटेड?’ म्हणजे ‘अरे, मत दिलंस ना तू?’ दिलं असेल असं वाटतंय, पण धाकधूकही आहे. भाचीसारखं मधे घातलं, तर वाक्य पोथीतलं वाटतं.

‘आय ॲम व्होटिंग टुमॉरो’ एवढ्यानं भागलं असतं. ठरलंय, जाणार, संपलं. ‘आय विल व्होट’ म्हणताना ‘विल’वर जोर दिला की तो आपला ‘च’ झाला: ‘देणारच.’ आणि कुणी शंका घेतल्याशिवाय माणूस ‘देणारच’ कशाला म्हणेल? उलट ‘आय’ला ‘विल’ चिकटवून घाईत म्हटलं, तर ‘बरं बाबा, देतो’. (आपल्या ‘बघू’ला मात्र इंग्रजीत तोड नाही. ‘बघू’ म्हणणारा केंद्रावर दिसला तर मला कळवा.)

खरी गंमत ‘मस्ट’ची. त्या दिवशी छप्पन दुकानवर, म्हणजे आपल्या खाऊगल्लीत, सकाळी लवकर मत देऊन बोटाची शाई दाखवणाऱ्यांना पोहे-जिलबी फुकट होती. समोरच्याच्या डाव्या तर्जनीवर शाई दिसली की म्हणायचं, ‘ही मस्ट हॅव व्होटेड’. शब्द दिसायला दणकट, पण आहे तो अंदाजच: ‘दिलं असणार.’ ज्यानं त्याला केंद्रात पाहिलं, तो साधं ‘ही हॅज व्होटेड’ म्हणेल. आपणही डोळ्यांनी पाहिलेल्याला ‘असणार’ लावत नाही.

आणखी एक जोडी. ‘ही इज शुअर टु विन’ यातली खात्री बोलणाऱ्याची. उमेदवाराला स्वतःला खात्री असेल, तर ‘ही इज शुअर ही विल विन’. त्या खेपेला एका मोठ्या पक्षाच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागे घेतला होता, त्यामुळे त्याच्या प्रतिस्पर्ध्याबद्दल पहिलं वाक्य राजवाडा चौकात कुणीही डोळे मिटून म्हणालं असतं. आणि मोजणीत ‘नोटा’ला, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नको’ला, २,१८,६७४ मतं निघाली! तिथे कुणाची ‘शुअर’ चालली असती?

भाचीला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, ‘शुअरली’ खोडलं आणि त्या जागी ‘डेफिनेटली’ घातलं.