लडीचा घेर आणि टाक्यांची संख्या

सभागृहातील अनेकांच्या सुया माझ्या बोलण्याआधीच सुरू झालेल्या दिसतात, त्यामुळे टाळ्यांची अपेक्षा मी सोडून दिली आहे. हाताने रंगवलेल्या बहुरंगी लोकरीचे रंग विणताना एकाच जागी का साचतात, हे सांगण्याचे मी कबूल केले आहे आणि ते सांगणारही आहे. परंतु त्याआधी लडीवरच्या चिठ्ठीविषयीचे माझे एक जुने गाऱ्हाणे आपणांस ऐकून घ्यावे लागेल.

चिठ्ठीवर ‘लोकर-मिश्रित’ एवढेच छापून विक्रेते मोकळे होतात. लोकरीत काय मिसळले आहे आणि किती, याचा तेथे पत्ता नसतो, आणि रंगाचे तर सारे त्यावरच अवलंबून असते. लोकर हे प्रथिन आहे; आम्लयुक्त गरम पाण्यात आम्लरंग तिला घट्ट बांधले जातात. रेशीम आणि नायलॉन हेच रंग घेतात. नायलॉन तर लोकरीपेक्षा कमी तापमानाला आणि अधिक झपाट्याने घेते. म्हणून 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन हे मोज्यांच्या धाग्याचे नेहमीचे मिश्रण छान रंगते. सूत आणि ॲक्रिलिक मात्र या रंगांना जवळजवळ दाद देत नाहीत.

माझ्या परिचयाच्या एका बाईंनी अशीच एक मोघम चिठ्ठीची पांढरी लडी घेऊन तिच्यावर गडद जांभळा चढवायचे ठरवले. पातेल्यातील पाणी नितळ झाले, म्हणजे होता तेवढा रंग धाग्याने शोषून घेतला होता, तरी लडी फिकटच. त्यांनी आणखी रंग घातला. तोही शोषला गेला, लोकरीचे तंतू काळपट झाले आणि त्यांच्यामधले ॲक्रिलिकचे तंतू पांढरेच राहिले. विक्रेत्याकडे विचारणा केली, तेव्हा पाणी पुरेसे खळखळून उकळले नसेल, असे उत्तर आले. साधी लोकर खळखळत्या पाण्यात ढवळली असती, तर लडीचा नमदा, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून घट्ट झालेला गोळा, झाला असता आणि तक्रारीला पुरावाही उरला नसता. (हसू नका, मागच्या रांगेत कोणाचा तरी झालेला दिसतो आहे.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, आणि तिच्यावर मात्र सगळे स्पष्ट लिहिले आहे: पाच मिनिटे. तेव्हा मूळ विषय घाईने मांडतो.

लडी पसरून तिच्या घेरावर एकेक पट्टा रंगवला, की तोच रंगक्रम दर घेराला पुन्हा येतो. घेर 150 सेंटिमीटर आणि एका टाक्याला दीड सेंटिमीटर धागा लागत असेल, तर 100 टाक्यांत एक आवर्तन संपते. 100 टाक्यांची टोपी गोल विणली, की प्रत्येक रंग आपल्याच डोक्यावर बसत जातो आणि उभे पट्टे तयार होतात. टाके 97 किंवा 103 केले, की तेच पट्टे तिरपे होऊन टोपीभोवती फिरू लागतात. पुढे-मागे सपाट विणताना मात्र 50 टाक्यांवरही रंग साचतात, कारण जाऊन-येऊन दोन ओळींत एक आवर्तन पुरे होते. अंगभर सुरेख विखुरलेले रंग स्वेटरच्या गळ्यापाशी किंवा बाहीत अचानक गोळा होतात, त्याचेही कारण तेथे टाक्यांची बदललेली संख्या हेच असते.

म्हणून आधी नमुना विणावा आणि एका आवर्तनात किती टाके बसतात ते मोजावे. साचणे नको असेल, तर दोन गुंडे घेऊन दर दोन ओळींनी आलटून पालटून विणावे. हाताने रंगवलेल्या दोन लडी तंतोतंत सारख्या नसतात, तो फरकही त्यात मिसळून जातो. क्रोशात मुक्या खांबाच्या ठेंगण्या टाक्याऐवजी उंच खांब घेतला, की टाक्याला लागणारा धागा बदलतो आणि सगळा हिशेब नव्याने करावा लागतो. उलट, रंगांची चौकडीची नक्षी मुद्दाम जुळवायची असेल, तर ओळीतला एखादा टाका थोडा सैल किंवा घट्ट घेऊन रंग जागेवर आणता येतो. परंतु त्यासाठी प्रत्येक ओळीकडे लक्ष द्यावे लागते, आणि व्याख्यान ऐकता ऐकता ते साधत नाही.