चावदिसाचे फोव आणि आमची गाडी

नमस्कार मंडळी. दिवाळी आठवड्यावर आलीये, तुमच्यातले काही जण मोटारहोम, म्हणजे आत राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन कोकणात उतरायच्या तयारीत असतील, तर खास त्यांच्यासाठी आज मला माझी गेली दिवाळी सांगायचीये.

आम्ही तिघं, मी, नवरा आणि मुलगा, कुडाळला हायवे सोडून वेंगुर्ल्याकडे वळलो आणि पुढे शिरोड्याच्या बाजूला जाता जाता एका वाडीत काळोख पडला. आता राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ लाच आलंय, पण वाडीत थांबायचं तर तिथल्या माणसांना विचारूनच थांबायचं. आणि भाताच्या मळ्यात चाक घालायचं नाही, ऑक्टोबरात वरून सुकी दिसणारी जमीन आतून ओली असते. आम्ही पहिल्याच घरात विचारलं, तिथल्या आजींनी खळ्याच्या कडेला जागा दाखवली आणि आत जाता जाता म्हणाल्या, "फाल्यां चावदिस, फोव खाऊक येवा."

फाल्यां म्हणजे उद्या, नरकचतुर्दशीला इकडे चावदिस म्हणतात आणि पोह्यांना फोव. नवीन भात नुकतंच घरात आलेलं असतं, त्याचे हे पोहे, आणि ते आपल्याच घरी खाऊन गप्प बसायचं नसतं, वाडीत घरोघरी जायचं आणि सगळीकडे थोडे थोडे खायचे. कुठे गुळाचे, कुठे दुधातले, कुठे ताकातले, कुठे मिरची घालून तिखट, जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ.

मी घाईघाईने मिठाईचा बॉक्स पुढे केला, रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून. आजींनी तो घेतला, फळीवर ठेवला आणि विचारलं, "गाडयेत चूल आसा मां?" म्हटलं, आहे, गॅसची. "मगे ता घरच झाला. आमी पण येतलंव."

खरं सांगते, गाडी घेऊन तीन वर्षं झाली होती, पण तिला घर म्हणणारं हे पहिलंच माणूस भेटलं. प्रवासात आपण लोकांकडे जेवतो, त्यांचं कौतुक करतो, पैसे विचारतो, पण आपल्याकडे या असं कुठे म्हणतो?

मग काय, रात्रीच नारळाच्या रसातल्या पोह्यांचा घाट घातला. नारळ, गूळ, लाल पोहे आणि खवणी सगळं आजींचंच. आमच्या इन्व्हर्टरवर मिक्सर चालत नाही, म्हणून सीटांच्या मधल्या जागेत मांडी घालून तीन नारळ खवले, कोमट पाण्यात भिजवले आणि धुतलेल्या पंच्यात मूठ मूठ घेऊन पिळले. पहिला रस इतका घट्ट की बोटांना चिकटत होता, दुसरा पातळ, दोन्ही एकत्र करून गूळ विरघळवला, वेलची आणि चिमूटभर मीठ. मुलगा पातेलं धरून बसला होता, त्याला झोपच येईना.

पहाटे आजींच्या न्हाणीतल्या चुलीवरचं पाणी, उटणं, आंघोळ, आणि मग तुळशीपुढे कारीट. हे रानातलं छोटं फळ, नरकासुर समजून डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, "गोविंदा गोविंदा" म्हणायचं आणि त्याचा रस जिभेला लावायचा. कडू म्हणजे इतकं कडू की मुलाच्या डोळ्यात पाणी आलं, आणि त्या कडू तोंडावर पहिला गोड घास, तो सांगून कळायचा नाही.

साडेआठला वाडी आमच्या गाडीकडे आली. आत पाच जणं मावतात, बाकीचे बाहेर छताखाली चटईवर, पोरं ड्रायव्हरच्या सीटवरून हलेनात. ताटल्या सहाच होत्या, तर शेजारच्या काकी आपल्या परसातली केळीची पानं कापूनच घेऊन आल्या. म्हणून सांगते, यंदा निघताना एक मोठं पातेलं नक्की ठेवा, आणि भांडी धुतलेलं पाणी विहिरीपासून लांब, त्यांना विचारून सोडा.

आजी सगळ्यात शेवटी आल्या. दारात स्टूल ठेवलं, त्यावर पाय देऊन वर चढल्या, आमच्या छोट्या टेबलाशी बसल्या आणि पान अगदी पुसून खाल्लं. मी विचारलं, कसे झाले? त्या म्हणाल्या, "बरे झाले. फुडच्या वर्सा गूळ वायच जास्त घाल."