इंजिन अँबीचं, पत्रा इंग्रजांचा

(पडदा काळा. फक्त इंजिनचा आवाज.)

हा आवाज ऐका जरा. ज्यांच्या घरी, ऑफिसात, नाहीतर मामाच्या लग्नात कधी अँबेसेडर होती ते लगेच म्हणतील, अरे ही तर अँबी. अर्धं बरोबर आहे.

(उजेड. रो हाऊससमोर उभी हिरवी दोन सीटर.)

ही एमजीए. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कारखान्यात तयार झालेली, १९५५ साली बाजारात आलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार, आणि उभी कुठेय तर नेरूळमध्ये, सिडकोच्या रो हाऊससमोर, एका बाजूला शेजाऱ्यांची अ‍ॅक्टिव्हा, वर गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल. आवाज अँबीसारखा येतो कारण दोघींच्या पोटात इंजिन एकाच घराण्याचं आहे. बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी सीरीज, चार सिलिंडर, १४८९ सीसी. हिंदुस्तान मोटर्सने १९५९ मध्ये अँबेसेडरमधलं जुनं साइड व्हॉल्व्ह इंजिन काढून हेच बसवलं आणि मग वर्षानुवर्षं कलेक्टरपासून मंत्र्यांपर्यंत सगळे त्याच्याच जोरावर फिरले. फरक इतकाच की अँबीत ते एका कार्बोरेटरवर गपगुमान चालायचं आणि इकडे एमजीवाल्यांनी त्याला दोन एसयू कार्बोरेटर लावले, कॉम्प्रेशन वाढवलं, आणि सुरुवातीला ६८ आणि नंतर ७२ हॉर्सपॉवर काढली. गाडीचं वजन साधारण नऊशे किलो. म्हणजे पळणारच.

बाजारात यायच्या आधी जून १९५५ मध्ये हिचे तीन नमुने फ्रान्समध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरले होते, त्यातले दोन बाराव्या आणि सतराव्या नंबरवर आले. पण ती शर्यत लोकांना आठवते ती भीषण अपघातासाठी, प्रेक्षकांत ऐंशीहून जास्त माणसं गेली, त्यामुळे एमजीच्या नंबरांकडे कोण बघणार. १९६२ पर्यंत एक लाखाच्या वर एमजीए बनल्या आणि त्यातल्या जेमतेम सहा हजार ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या, बाकी सगळ्या बाहेर, मुख्यतः अमेरिकेत. आपल्याकडे तेव्हा परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधनं होती त्यामुळे इथे आल्या त्या मोजक्याच.

आता मालकांकडे येऊ. मालक म्हणतात, माझं नाव टाकू नका, गाडीचं टाका. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात, आपणही काकाच म्हणू. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीच्या टूल रूममध्ये आयुष्य गेलं. गाडी मिळाली देवळालीच्या एका जुन्या बंगल्यामागच्या शेडमध्ये, चाकं हवेत, खाली विटा, सीटवर कोंबड्या. काकूंची पहिली प्रतिक्रिया विचारली तर त्या म्हणाल्या, "मी म्हटलं अहो, निदान कोंबड्या तरी तिथेच ठेवून या."

(काका इंजिनजवळ वाकलेले.)

जो येतो तो आधी बोनेट उघडायला लावतो आणि विचारतो, इंजिन कसं केलं, पार्ट कुठून आणले? आणि काका दर वेळी तेच सांगतात की इंजिन सगळ्यात सोपं होतं. ऐकायला विचित्र वाटतं पण खरंय. साठ वर्षांहून जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचं इंजिन उघडून बसवणारा माणूस कळव्यात सापडतो, कारण त्या मिस्त्रींची उमर सरकारी अँब्या उघडण्यात गेली. त्यांनी हेड खोललं, बघितलं, आणि म्हणाले, "साहेब, ही तर आपलीच आहे."

मुंबईत तशी अँबी कमीच, इथली टॅक्सी म्हणजे पद्मिनी, कुर्ल्यात बनायची. तिचीही शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अँबीचं खरं गाव कोलकाता, त्यामुळे गॅस्केट, टायमिंग चेन, व्हॉल्व्ह स्प्रिंगा असलं बरंचसं सामान तिथल्या मल्लिक बाजारातून आलं, एका पोत्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. पिस्टन मात्र काकांनी इंग्लंडहून मागवले कारण अँबीचं कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं असतं आणि मग एमजी घेऊन उपयोग काय. ब्लॉकचं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग रबाळे एमआयडीसीत झालं. आणि तिथेच हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या. हे महत्त्वाचं आहे, जुनी गाडी असेल तर लक्ष द्या. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये थर धरायचं आणि साधं बीडाचं हेडसुद्धा टिकायचं. आपल्याकडे २००० साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं, तेव्हापासून असल्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्याशी ठेवलेली बारीक फट, कमी होत जातो, आणि एक दिवस कॉम्प्रेशनच नाही.

आता त्यात इथेनॉल. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि कॉर्कचे वॉशर खातं, पाणीही ओढून घेतं. त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळी नळी इथेनॉल सोसणारी टाकली. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर काका पेट्रोल काढून स्कूटरमध्ये ओततात. स्कूटर काकूंची आहे. त्यांची तक्रार नाही.

(जुने फोटो: गंजलेला सांगाडा.)

आणि आता पत्रा.

एमजीएची चॅसिस वेगळी, वर बॉडी वेगळी बसते. चॅसिस जाड लोखंडाची, तिला फारसं काही झालं नव्हतं, घासली, रंगवली, विषय संपला. पण वरची बॉडी म्हणजे... दाराच्या खाली जी लांब आडवी पेटी असते ना, सिल म्हणतात, ती आतून पोकळ. पाणी शिरतं, माती साचते, आणि बाहेरून चकचकीत दिसत असताना आतून पीठ होत असतं. त्या पेटीवरच दाराचे पुढचे मागचे खांब उभे. काकांनी पोकर मारला तर तो आरपार गेला आणि आतून लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, पापुद्रे निघाले, एकावर एक, कुणीतरी दर दहा-पंधरा वर्षांनी गंजावर लांबी भरून रंग मारून दिलेला. आपल्याकडे गॅरेजवाल्यांना दोष देतात पण मालकालाही तेच हवं असतं, दिवाळीच्या आधी गाडी चकचकीत पाहिजे, आतलं कोण बघतंय.

बरेच लोक इथे गाडी घालवतात. उत्साहात आधी बॉडी चॅसिसवरून उचलतात, मग सडलेली सिल कापतात, नवी जोडतात, आणि दार लावायला जातात तर दार बसत नाही. कारण सिल कापली की उघड्या गाडीत खांबांना धरणारं काहीच उरत नाही, वर छप्पर नाही ना, सगळं पाच-सहा मिलिमीटर आत किंवा बाहेर सरकतं आणि तो फरक नंतर कुठल्याच हातोड्याने निघत नाही. काकांनी उलट केलं. बॉडी चॅसिसवर बोल्टने कसलेलीच ठेवली, दाराच्या मोकळ्या जागेत लोखंडी पाइप आडवे वेल्ड केले, मग एका वेळी एकच बाजू कापली. नवी सिल आधी नुसती वेल्डिंगच्या टाक्यांवर धरली, दार लावलं, फट बघितली, काढलं, परत लावलं. टूल रूमचा माणूस, फटीत फिलर गेज घालून मोजतो. डेंटर वैतागून म्हणाला, काका हे विमान नाहीये. काका म्हणाले, विमानाला एवढी फट चालत नाही.

आणखी एक गंमत. आम्ही शूटिंगला गेलो तेव्हा आमच्या कॅमेरामनने हुशारी केली, खिशातून लोहचुंबक काढला आणि बोनेटला लावला. चिकटेना! तो आमच्याकडे असं बघायला लागला की सगळी लांबीच आहे. काका हसत बसले. बोनेट, डिकीचं झाकण आणि दाराचा बाहेरचा पत्रा मुळातच अ‍ॅल्युमिनियमचा आहे, वजन वाचवायला. पण इथे नेरूळला खाडी अर्ध्या तासाच्या चालीवर, हवेत मीठ, आणि स्टीलची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमला टेकलेली, मध्ये खारी ओल, म्हणजे बॅटरीच झाली की, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खर्ची पडतं. कडेने पांढरी भुकटी धरते. मग दोन्ही धातूंमध्ये कोटिंग आणि सीलंट घालून जोड बंद केले. इंग्लंडमधल्या मॅन्युअलमध्ये असलं काही फार दिलेलं नसतं, त्यांना नेरूळचा पावसाळा माहीत नाही.

गाडीतली जमीन मात्र लाकडी. हो, प्लायवूडची, कंपनीतूनच तशी यायची. तुर्भ्याच्या लाकूडवाल्याकडून मरीन प्लाय आणला, जुन्या फळीवर ठेवून पेन्सिलीने आखला, कापला. सगळ्या कामात हाच एक पार्ट दुपारच्या चहाच्या आत झाला.

(रंगाचं काम. मास्क घातलेला पेंटर.)

रंग घरी मारला नाही, आणि तुम्हीही मारू नका. आजचा टूके रंग, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला वाईट, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, नाकाला रुमाल बांधून होणारं काम नाही आणि शेजारी लहान मुलं असताना तर नाहीच. महापेच्या एका बूथमध्ये नेली, पाऊस संपल्यावर. गाडी आली तेव्हा लाल होती पण डॅशबोर्ड काढला तर मागे, जिथे कुणी ब्रश घालत नाही तिथे, फिकट हिरवा सापडला. टायरोलाइट ग्रीन, कंपनीचा मूळ रंग. सोसायटीतल्या तरुण मंडळींचं मत लालच ठेवा असं होतं, स्पोर्ट्स कार लालच पाहिजे म्हणे. मला विचाराल तर हिरवी दिसते ती लाल कधीच दिसली नसती.

वायरिंगचं थोडक्यात. हिची अर्थिंग उलटी असते, बॉडीला प्लस. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. नवा इलेक्ट्रिशियन सवयीने मायनस बॉडीला लावतो, म्हणून काकांनी मोठ्या अक्षरात मराठीत पाटीच चिकटवली आहे: आधी मला विचारा.

(दोन कार्बोरेटर जवळून. रबरी नळी.)

आता हे बघा, हे मला सगळ्यात आवडलं. दोन कार्बोरेटर म्हणजे दोन्हींनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर दोन सिलिंडर राबतात आणि दोन झोपतात. त्यासाठी मशीन मिळतं. काकांकडे गॅसची जुनी रबरी नळी आहे. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूऽऽ असा आवाज. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्ही सूर सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग मिक्श्चर. एसयूच्या आत एक पिस्टन हवेच्या ओढीने वर-खाली होतो आणि त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून पेट्रोल मोजून सोडते. खालच्या पिनने तो पिस्टन केसभर उचलायचा आणि ऐकायचं. इंजिन पळायला लागलं आणि पळतच राहिलं तर पेट्रोल जास्त आहे, बसायला लागलं तर कमी, आणि क्षणभर वर जाऊन परत जागेवर आलं की जमलं. मिस्त्री डावीकडे, काका उजवीकडे, दोघं माना तिरक्या करून, कुणी काही बोलत नाही. आम्हाला सांगितलं, माईक बंद करा, तुमचा पंखा ऐकू येतोय.

आरटीओचं विचारतात लोक. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षं चालते. पण मग गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कामाला बाहेर काढायची. काकांनी ते घेतलं नाही. जुनी आरसी होती, तीच रिन्यू करत राहतात, कारण त्यांना रविवारी सकाळी काकूंना घेऊन बेलापूरला मिसळ खायला जायचं असतं आणि मिसळ ही काही रॅली नव्हे.

(पाम बीच रोड. सकाळ.)

पाम बीच रोडवर चौथ्या गिअरमध्ये गाडी काय सुंदर चालते! पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दाते अलगद जुळवणारी सोय, नाही, त्यामुळे सिग्नलला पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की कर्रर्र होतं आणि शेजारचा रिक्षावाला वळून बघतो. ब्रेक चारही ड्रमचे, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावं लागतं, आणि ते अंतर दिसलं की तिथे लगेच कुणीतरी घुसतं. इंजिनच्या मागून थोडं ऑइल गळतं. ते गळणारच, तिथे कंपनीने सीलच दिलेलं नाही, क्रँकवर नुसते आटे कापलेत ऑइल परत आत ढकलायला. खाली ट्रे ठेवायचा आणि गप्प बसायचं.

पायाशी गरम मात्र प्रचंड होतं. काकू मिसळीला येतात त्या चपला काढून, पाय सीटवर घेऊन बसतात. एक्झॉस्टला उष्णतारोधक पट्टी गुंडाळायचं चाललंय.

आणि राहिलं ते छप्पर. या गाडीच्या दारांना काचा नाहीत, दाराला बाहेरून कडीसुद्धा नाही, हात आत घालून दोरी ओढायची की दार उघडतं. पावसासाठी कापडी हूड आणि बाजूला अडकवायचे पडदे, बास. लोखंडी फ्रेम तयार आहे, कापड आलंय, पण शिवणार कोण? सीट कव्हरवाले शिवतात पण त्यांना ताण जमत नाही, एक जण तर म्हणाला रेक्झिन टाकून देतो. जुन्या जीपचे हूड शिवलेला कुणी ठाण्यात, पनवेलला, कुठेही माहीत असेल तर कळवा. जूनच्या आधी पाहिजे, जूनमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.