तोंडावर ताबा नाही म्हणे!

नमस्कार मंडळी. परवा आमच्या आत्याचा फोन आला, आवाज रडवेला, म्हणे अरे नऊ किलो उतरवलं होतं ना, त्यातलं सात परत आलं, आणि घरात जो तो म्हणतोय हिचा तोंडावर ताबा नाही. मला हे वाक्य जाम खटकतं, म्हणून आज त्याबद्दलच बोलूया.

अमेरिकेत टीव्हीवर द बिगेस्ट लूझर नावाचा शो होता, वजन उतरवायची स्पर्धाच, रोज तासन्‌तास व्यायाम, खाणं मोजूनमापून, आणि 30 आठवड्यांत माणशी सरासरी 58 किलो गेले. केविन हॉल या शास्त्रज्ञाच्या टीमने त्यातल्या 14 जणांना सहा वर्षांनी परत तपासलं, 2016 मध्ये रिझल्ट छापून आला. सरासरी 41 किलो परत आले होते! बरं, ते एक वेळ समजू शकतो. पण नुसतं पडून राहिलं तरी शरीर ज्या कॅलरी जाळतं ना, त्यासुद्धा अशा बांध्याच्या आणि वयाच्या माणसाकडून जेवढ्या अपेक्षित, त्यापेक्षा रोज 500 च्या आसपास कमी निघाल्या. वजन वाढलं, पण मंदावलेला मेटाबॉलिझम वर आलाच नाही. 500 म्हणजे बिनतुपाच्या पाचेक पोळ्या धरा. म्हणजे शेजारचा तेवढ्याच वजनाचा माणूस जेवतो तेवढंच हा जेवला तरी जाड हाच होणार, आणि वर लोक म्हणणार चोरून खातो.

त्यात भूकही गप्प बसत नाही. आपल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात, 1994 मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमनच्या लॅबमध्ये त्याचा जीन सापडला. हे लेप्टिन मेंदूला कळवतं की कोठी भरलेली आहे, बास आता. चरबी उतरली की लेप्टिनही उतरतं आणि मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, कारण डाएट आणि दुष्काळ यातला फरक त्या बिचाऱ्याला कुठे कळतोय. ऑस्ट्रेलियात 50 जणांना 10 आठवडे कडक डाएटवर ठेवलं होतं, 2011 चा अभ्यास, तर वर्ष उलटल्यावरही त्यांची भुकेची हार्मोन्स पहिल्यासारखी झालेली नव्हती. वर्षभर आतून कोणीतरी जेव जेव म्हणत असेल तर ताबा ताबा म्हणून किती दिवस रेटणार?

मग काहीच करता येत नाही का? तसंही नाही. त्याच 14 जणांत ज्यांचं वजन बऱ्यापैकी टिकलं, त्यांची रोजची हालचाल स्पर्धेआधीपेक्षा 160 टक्के वाढलेली होती, ज्यांचं परत आलं त्यांची फक्त 34. आणि हालचाल म्हणजे जिमच पाहिजे असं काही नाही, चालणं, जिने चढणं, घरातली कामं, सगळं त्यात आलं.

हे सगळं आत्याला सांगितलं, म्हटलं अगं दोन किलो अजून गेलेलेच आहेत की. तर ती म्हणाली, थांब, हे तुझ्या काकांना सांग, फोन देते. आणि दिला की खरंच!