रक्त तपासेपर्यंत पोळी सोडू नका

नमस्कार श्रोतेहो.

लंबी रोटी कशी करतात हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको. तरी एकदा डोळ्यांपुढे आणा. उलटं ठेवलेलं मडकं, खाली जाळ, आणि ती बाई सैल कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झुलवते आहे. गोळा लांबत लांबत तिच्या कोपरापर्यंत येतो, आरपार दिसायला लागतो, पण तुटत नाही. आता हेच ज्वारीच्या पिठाचं करून बघा. उचलल्या उचलल्या तुकडे पडतील. गव्हात असलेला आणि ज्वारीत नसलेला हा जो चिवटपणा आहे, तो ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे येतो. माझ्या आतड्याला हे ग्लूटेन चालत नाही. या आजाराला सिलिअॅक म्हणतात. तो मला आहे हे कळायला नऊ वर्षं लागली. त्यातलं शेवटचं दीड वर्ष माझ्याच उतावीळपणानं वाया गेलं. आज बोलायचं आहे ते मुख्यतः त्या दीड वर्षाबद्दल.

माझ्या दुखण्याची सुरुवात पोटापासून झालीच नाही. मी शाळेत शिकवते. सातवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिना चढून गेलं की फळ्यावर तारीख लिहायच्या आधी दोन मिनिटं टेबलाला धरून उभी राहायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.४. विदर्भात रक्त कमी निघालं की आधी सिकलसेल तपासतात, आणि ते योग्यच आहे, आपल्या भागात तो आजार बराच आहे. माझी ती तपासणी निरंक आली. मग जंताची गोळी झाली, पाळीची चौकशी झाली, लोखंडी कढई घरात आली. सासूबाई म्हणाल्या, लोहाची गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घे. त्यांचं अगदी बरोबर होतं, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. आणि नागपुरात संत्र्यांना काय तोटा! पण मी डझनांनी संत्री पिळली तरी आकडा सात-आठच्या वर सरकेना. "गोळ्या नियमित घेता ना?" असं डॉक्टर विचारायचे तेव्हा त्यांच्या आवाजात जो संशय असायचा, त्याचा मला आजाराहून जास्त राग यायचा.

आज त्याचं कारण कळतं. जठर संपल्यावर लहान आतड्याचा जो पहिला वीतभर भाग येतो, तिथेच लोह शोषलं जातं. सिलिअॅकचा पहिला घावही नेमका तिथेच. आतड्याच्या आतल्या अस्तरावर बारीक बारीक लव असते, मखमलीसारखी. ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणव्यवस्था बिथरते आणि आपल्याच अस्तरावर तुटून पडते. मखमल झिजते, मांजरपाट उरतो. मग लोह म्हणा, कॅल्शियम म्हणा, पुढून घातलेलं मागून निघून जातं. ही अॅलर्जी नव्हे. गव्हाच्या अॅलर्जीत पित्त उठेल, ओठ सुजतील, धाप लागेल, आणि ते लगेच कळेल. इथे वर्षानुवर्षं आत झीज चालू असते आणि वरून माणूस धडधाकट दिसतो. जुलाब व्हायलाच हवेत असंही नाही. मला उलट बद्धकोष्ठाचा त्रास होता. तोंड यायचं, पोट फुगायचं. ते मी अॅसिडिटीच्या खात्यात टाकलं होतं. कुणाची हाडं ठिसूळ होतात, एखाद्या मुलाची उंची खुंटते, कुणाला दिवस राहत नाहीत.

आता माझा उतावीळपणा. एका लग्नात ओळखीच्या बाईंनी सांगितलं, "गहू सोडून पाहा, माझ्या भाचीला फरक पडला." घरी येऊन मी दुसऱ्या दिवसापासून पोळी बंद केली. तीन आठवड्यांत पोट हलकं झालं, तोंड येणं थांबलं. मी इतकी खूश झाले की चार महिने कुणालाच दाखवलं नाही. मग वाटलं, एकदा तपासून तरी घ्यावं. शहरातल्या एका दवाखान्यात गेले, रक्त दिलं, रिपोर्ट आला नॉर्मल. "तुम्हाला सिलिअॅक नाही, थोडाफार गहू खायला हरकत नाही," असं सांगण्यात आलं. मला तर तेच ऐकायचं होतं. घरी भाकर, बाहेर पंगतीत पुरी, असं एक वर्ष काढलं. वर्षाच्या शेवटी हिमोग्लोबिन ६.९ आणि पाठीच्या हाडांत सतत ठणका.

नंतर ज्या पोटविकारतज्ज्ञांकडे गेले त्यांनी जुना रिपोर्ट पाहिला आणि एकच विचारलं, "हे रक्त दिलं तेव्हा पोळी खात होतात का?"

आधी हे मला कुणी विचारलंच नव्हतं. आणि मीही सांगितलं नव्हतं.

श्रोतेहो, रक्ताच्या या तपासणीत ग्लूटेन शोधत नाहीत. ग्लूटेनवर चवताळून शरीरानं जी प्रतिपिंडं तयार केली, ती शोधतात. गहू बंद केला की ती हळूहळू विरून जातात, अस्तरही भरून यायला लागतं. पोळा सणाच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही महिन्यानं तिथे जाऊन म्हणाल, रस्ता तर मोकळा आहे, इथून मिरवणूक निघतच नाही. माझा रिपोर्ट तसाच होता. म्हणून माझं एवढंच मागणं आहे, संशय आला तर आधी डॉक्टर गाठा आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत पोळी सोडू नका. माझ्यासारखी ज्यांनी आधीच सोडली असेल, त्यांनी तसं स्पष्ट सांगा.

मला पुन्हा गहू सुरू करावा लागला. रोज दोन पोळ्या, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ज्या पोळीसाठी वर्षभर जीव तुटत होता, ती औषधासारखी गिळायची. दुसऱ्या आठवड्यापासून पोट ढोलासारखं. नवव्या आठवड्यात रक्त दिलं. तपासणीचं नाव टीटीजी आयजीए. तिच्याबरोबर शरीरातलं एकूण आयजीए, म्हणजे त्या जातीची सगळी प्रतिपिंडं, सुद्धा मोजतात, कारण काही जणांत ते मुळातच कमी असतं आणि मग पहिला रिपोर्ट फसवा निघतो. माझा टीटीजीचा आकडा मर्यादेच्या कितीतरी पट वर होता. त्यानंतर एंडोस्कोपी. नळीची धास्ती मलाही होती, पण काम दहा मिनिटांचं. आतड्याच्या सुरुवातीचे तिळाएवढे सहा तुकडे काढले. सूक्ष्मदर्शकाखाली मखमल जवळपास सपाट झालेली दिसली.

दोन्ही पुरावे का लागतात, हा प्रश्न आमच्या यांनी तिथेच विचारला होता. कारण अस्तर सपाट करणारे आजार आणखीही आहेत. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग आहे, जिआर्डिया नावाच्या परजीवीचा संसर्ग आहे. आणि टीटीजी किंचित वाढलेलं कधी कधी दुसऱ्याच कारणानं असतं. तेवढ्यावर कुणाच्या कपाळी जन्मभराचं पथ्य मारायचं म्हणजे तोही अन्यायच. लहान मुलांत मात्र आकडा मर्यादेच्या दहापटीच्या वर असेल तर दुसऱ्या एका रक्ततपासणीनं खात्री करून तुकडा काढणं टाळता येतं, पण ते तज्ज्ञांनीच ठरवायचं. जनुकांचीही तपासणी असते. ती जनुकं अनेक निरोगी माणसांत असतात, त्यामुळे ती सापडली म्हणून आजार ठरत नाही. सापडली नाहीत तर मात्र आजार जवळजवळ नाहीच असं समजायचं.

या आजाराचं गव्हाशी नातं उघड झालं तेही एका उपासमारीत. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला. भोवतालची माणसं खंगत असताना ही आजारी मुलं सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा बिघडली. १९५० साली त्यांनी ते प्रबंधात मांडलं. त्याआधी या मुलांना चक्क केळ्यांवर ठेवत असत.

औषध आजही नाही. गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) जन्मभर बंद, हाच उपचार. खपली गहू चालतो असं फार जण सांगतात. चालत नाही. लोकवन असो, शरबती असो की खपली, गहू तो गहूच. एका पोळीत साधारण ३ ग्रॅम ग्लूटेन असतं. त्याचा साठावा भाग, म्हणजे ५० मिलिग्रॅम, रोज पोटात जात राहिला तरी अस्तर बिघडतं. पोळीचा नखाएवढा तुकडा झाला हा! म्हणून 'थोडंसं खाल्लं तर काय होते' या प्रश्नाला मी आता उत्तर देत नाही. सत्यनारायणाचा शिरा हातात घेते, कपाळाला लावते आणि यांच्या हातात देते.

आपण विदर्भातले लोक तसे नशीबवान. आमच्या आजीच्या घरी रोज भाकरच होती, पोळी सणावाराला. ज्वारी, तांदूळ, बेसन, झुणका, गोळाभात, पाटोडीचा रस्सा, सगळं मुळात आपलंच. अडचण येते ती आडवाटेनं. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, बारीक अक्षरं वाचावी लागतात. आपल्याकडचं सातूचं पीठ म्हणजे गहू आणि डाळवं. आपले गणपतीचे मोदक तळणीचे, त्यांना मैदा किंवा रवा. पुडाच्या वडीच्या पारीत कणीक. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या गव्हाच्याच चिकाच्या. ज्या तेलात कुरडई तळली त्यात माझा पापड तळायचा नाही, हे घरात पटवायला एक दिवाळी गेली.

सगळ्यात मोठा धडा मला चक्कीवाल्यानं दिला. माणूस फार भला. माझं दळण तो सकाळी पहिलं लावायचा. तरी माझा टीटीजी उतरेना. एकदा त्याला विचारलं तर त्यानं माझ्यादेखत चक्की उघडली आणि ब्रशनं दगड झाडले. ओंजळभर कणीक निघाली, आदल्या रात्रीच्या गिऱ्हाइकाची. तो त्या ओंजळीकडे पाहत म्हणाला, "मॅडम, हे माह्यानं नाही होत. तुम्ही घरघंटी घ्या." स्वतःचं गिऱ्हाईक असं तोडणारा माणूस विरळाच. घरघंटी घेतली. ज्वारी ताटात पसरून निवडते, एका पायलीत चार-पाच गव्हाचे दाणे तरी सापडतातच. परात, पोळपाट, तवा वेगळा. बाजारातली पाकिटं महाग पडतात, पण घ्यायचीच झाली तर 'ग्लूटेनमुक्त' लिहिलेलं बघते. आपल्याकडच्या नियमानं त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही.

घरघंटी आल्यावर वर्षभरात माझं टीटीजी मर्यादेत आलं. हिमोग्लोबिन १२.१ आहे. सातवीचा वर्ग अजून दुसऱ्याच मजल्यावर आहे.

आता राहिली माझी मुलगी. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार निघतो, म्हणून डॉक्टरांनी तिचीही तपासणी सांगितली आहे. ती अकरावीत. माझं बघून तिनं परवाच जाहीर केलं, "आई, मीपण भाकरच खाते आजपासून, उगाच रिस्क कशाला?" मी तिच्या हातातली भाकर काढून घेतली. तिला काही कळेना. आई होऊन लेकीच्या हातातली भाकर काढून घ्यायची!

तिच्या पोळ्या सध्या हे लाटतात, स्वयंपाकघराच्या पलीकडच्या ओट्यावर. गोल येत नाहीत. कालची एक पोळी पार गडचिरोलीपर्यंत लांबली होती. तिनं ती हसत हसत वरणात बुडवून खाल्ली. सोमवारी तिचं रक्त द्यायचं आहे.

नमस्कार.