मूल शाळेत जाईनासे झाले, तर पालकांनी नेमके काय करावे?

नमस्कार. जूनमध्ये प्रवेश झाला, पुस्तके मिळाली, गणवेश शिवून झाला, की आपले काम संपले आणि पुढचे शाळा बघून घेईल, असे अनेक पालकांना मनापासून वाटते. आजच्या व्हिडिओत आपण जूननंतरच्या काळाविषयी बोलणार आहोत. मूल वर्षभर नियमित शाळेत जावे यासाठी पालकांवर कोणती जबाबदारी येते आणि गैरहजेरी वाढू लागली तर काय करायचे, हे महाराष्ट्रातील शाळांच्या संदर्भात पाहू.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाचा प्रवेश, उपस्थिती आणि आठवीपर्यंतचे शिक्षण यांची खात्री करण्याचे बंधन त्याने शासनावर घातले आहे. पालकांसाठी कलम 10 आहे. त्यानुसार पाल्याला शाळेत दाखल करणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य ठरते. मात्र ते न पाळल्यास या कायद्यात शिक्षा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. आज तसा दंड नाही आणि माझ्या मते ते योग्यच आहे. कारण जे मूल सर्वांत जास्त गैरहजर राहते, त्याच्या घरी बहुधा दंड भरायला पैसे नसतात आणि दंड भरल्याने गैरहजेरीचे कारणही दूर होत नाही.

हे कारण शोधणे आणि ते शाळेला कळवणे, हीच पालकांची खरी जबाबदारी आहे, असे मी मानतो. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 कामाचे दिवस असावेत, असे कायदा सांगतो. महिन्यातून दोनच दिवस शाळा बुडाली, कधी आठवडी बाजार, कधी जत्रा, कधी नात्यातले लग्न, तरी वर्षाचा जवळपास दहावा भाग जातो. त्यातच हातच्याची वजाबाकी शिकवण्याचे दोन दिवस हुकले, तर पुढचे कित्येक आठवडे मूल वर्गात असूनही नसल्यासारखे बसते. म्हणून मूल येणार नसेल, तर वर्गशिक्षकांना त्याच दिवशी कारण कळवावे. उपस्थिती आणि प्रगतीबाबत पालकांशी नियमित बोलणे हे याच कायद्याने शिक्षकांचेही कर्तव्य आहे. त्यामुळे पालकसभेत ‘आमच्या मुलाचे किती दिवस भरले?’ असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

आता आरोग्याकडे येऊ, कारण गैरहजेरीची मुळे बऱ्याचदा तिथे असतात. सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखते आणि अकरा वाजता मूल अंगणात खेळत असते, हा अनुभव घरोघरी येतो. ‘नाटक करतो’ म्हणून त्याला फटका देण्याआधी, पोट ठरावीक वारीच दुखते का, ठरावीक तासाच्या आधी दुखते का, हे पाहावे. कोणी मारत असेल, चिडवत असेल, स्वच्छतागृहाला कडी नसेल, तर मूल ते सरळ सांगत नाही. शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे या दोन्हींना कलम 17 ने बंदी आहे, हे लक्षात ठेवून शाळेशी बोलावे. मोठ्या मुलींच्या बाबतीत गैरहजेरी दर महिन्याला त्याच दिवसांत येत असेल, तर आईने किंवा घरातील जाणत्या बाईने शिक्षिकेशी बोलून शाळेत पाणी आणि पॅडची सोय आहे का, हे विचारावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊन तपासणी करते. त्यात दोष आढळला, तर मुलाला पुढील तपासणीसाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवले जाते. ती संदर्भ चिठ्ठी दप्तरातून घरी येते, टीव्हीमागे खोचली जाते आणि तिथेच राहते. फळ्यावरचे न दिसल्यामुळे शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घेणाऱ्या मुलीचा चष्मा अनेकदा अशा एखाद्या चिठ्ठीत अडकलेला असतो. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. ती जेवणानंतर घ्यावी, आणि तिच्यामुळे शौचाचा रंग काळपट झाला तरी घाबरू नये.

याउलट, काही वेळा मुलाला घरी ठेवणे हेच पालकांचे कर्तव्य असते. तापाची गोळी देऊन शाळेत ढकललेले मूल स्वतः शिकत नाही आणि बाकाशेजाऱ्यालाही आजारी पाडते. कांजिण्या असतील, तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबावे.

दम्याचा, फिट्सचा किंवा मधुमेहाचा त्रास लपवणे मात्र धोक्याचे आहे. फिट येत असलेल्या मुलाच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावण्याची पद्धत आजही दिसते. अशा वेळी मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही आणि झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले तर रुग्णालय गाठायचे, हे शिक्षकांना आधी माहीत असले पाहिजे. औषधाचे नाव, डॉक्टरांचा आणि घरचा फोन क्रमांक एका कागदावर लिहून तो वर्गशिक्षकांकडे द्यावा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. वाचताना सतत अडखळणाऱ्या मुलाला ‘ढ’ ठरवण्याआधी मुख्याध्यापकांकरवी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांची भेट मागावी.

शेवटी ज्या पालकांची अडचण सर्वांत मोठी आहे, त्यांच्याविषयी बोलतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर जातात आणि आई-वडील उसाच्या फडात असताना नऊ-दहा वर्षांची मुलगी कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळते. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेल्या कुटुंबाला ‘जाऊ नका’ असे सांगण्यात अर्थ नाही. निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटून गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, हे विचारावे. आजी-आजोबा किंवा नातेवाईक गावात असतील, तर मुलाला मागे ठेवता येते. सोबत नेणारच असाल, तर शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. त्यावर मुलाची इयत्ता आणि प्रगती नोंदलेली असते, त्यामुळे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला त्याच इयत्तेत बसता येते. तिथे दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवले, तर ते कायद्याला धरून नाही. अशा वेळी केंद्रप्रमुखांना आणि तरीही न जमल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोहोच घ्यावी. गावी परतल्यावर तिकडच्या हजेरीची नोंद घेऊन मूळ शाळेत द्यायची असते, म्हणून टोळीच्या मुकादमाने निघण्याचा दिवस सांगितला की तिथल्या शिक्षकांकडून पत्रक भरून घ्यावे.